भायल्यांचे स्मारक

गेल्या चवथीला माझा मावसभाऊ घरी आला. नोकरीनिमित्त तो पूर्व आफ्रिकेत असतो. दिवाळी चुकली तरी चालते, पण चवथ चुकवत नाही. आरती झाली, पातोळ्या झाल्या आणि माटोळीखाली बसून तो आम्हाला मोबाइलवरचे फोटो दाखवू लागला. सुटीत रवांडाला जाऊन आला होता. पहिला फोटो विटांच्या एका साध्या चर्चचा, न्यामाटा नावाच्या गावातला. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून बाहेरून काढलेला. आत काय आहे ते त्याने आवाज उतरवून सांगितले. बाकांवर कपड्यांचे ढीग आहेत. १९९४च्या एप्रिलमध्ये देवाच्या आसऱ्याला आलेली माणसे तिथेच मारली गेली, हे त्यांच्या अंगावरचे कपडे. लहान मुलांचेही आहेत. मग त्याने अंगठा सरकवला. पुढच्या फोटोत निळेशार पाणी, एक होडी आणि होडीत अर्ध्या चड्डीतला हा, हसताना. किवू तळे.

घरात कुणी बोलेना. आई तेवढी म्हणाली, "आनी थंयसून थेट तळ्यार? न्हालोस तरी?"

तो हसला. आईला हसू आले नाही. मर्तिकाहून आलेला माणूस न्हाल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, एवढाच तिचा हिशेब. हा तर हजारोंच्या मर्तिकाहून आलेला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण आम्ही हरमलचे. आमच्याकडेही एक तळे आहे. समुद्राच्या कडेने, डोंगराच्या पायथ्याच्या खडकांवरून, दुकानांच्या ओळीतून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की काळाचो वेळ लागतो आणि रेतीच्या एका पट्ट्यापलीकडे गोडे पाणी. एका बाजूला खारे, एका बाजूला गोडे, मध्ये चार पावलांची रेती. गेली पन्नासेक वर्षे जगभरची माणसे ते पाहायला येतात, अंगाला तिथली पिवळी माती फासतात, पोहतात, जातात. त्यांतल्या कुणाला मी कधी विचारले नाही की बाबा, तू कुठून आलास आणि वाटेत काय ओलांडून आलास. आणि मलाही कुणी विचारले नाही की तुमच्या या पेडणे महालात मेलेल्यांसाठी काही आहे का. विचारले असते तर मी काय सांगितले असते, या प्रश्नापासून हा लेख सुरू होतो.

आधी मावसभावाची बाजू. स्मारक पाहून संध्याकाळी तळ्यावर जाणाऱ्याला बोल लावणे सोपे आहे. 'दुःखाचे पर्यटन' असा एक तयार शब्दही मिळतो आणि तो वापरला की बोलणारा आपोआप एक पायरी वर चढतो. पण रवांडात स्मारक आणि तळे वेगळे काढताच येत नाहीत. देश २६,३३८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातपट. डोंगरांचा, शेतीचा, माणसांनी खच्चून भरलेला. ६ एप्रिल १९९४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले आणि पुढच्या साधारण १०० दिवसांत तुत्सी समाजातली माणसे व त्यांना वाचवू पाहणारे हुतू मारले गेले. संयुक्त राष्ट्रांचा आकडा आठ लाखांच्या पुढचा, रवांडा सरकारचा दहा लाखांहून अधिक. छावण्या नाहीत, गॅसच्या खोल्या नाहीत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले, तेही बहुतेक वेळा कोयत्याने. आपण माडाच्या झावळ्या तोडतो तसल्याने.

किवूच्या काठावरचे किबुये गाव पाहा. आता त्याला करोंगी म्हणतात. तळ्यात घुसलेल्या एका उंचवट्यावर दगडी चर्च आहे आणि खिडकीतून तिन्ही बाजूंना पाणी दिसते. त्या चर्चमध्ये आणि गावाच्या स्टेडियमवर एप्रिल १९९४मध्ये हजारो माणसे मारली गेली. आज तिथे रविवारी मिसा होते आणि खाली काठावर पाहुण्यांसाठी हॉटेले आहेत. गावातल्या माणसाने तळ्यावर जायचेच नाही असे ठरवले तर त्याने जगायचे कुठे? तळ्यातले मासे त्याच्या ताटात येतात. पाहुण्याच्या पैशावर त्याची मुले शिकतात. मेलेल्यांच्या शेजारी जगणे ही तिथे कुणाची आवडनिवड राहिलेली नाही. पत्ताच तो आहे.

म्हणून तळ्यावर गेल्याबद्दल मी मावसभावाला दोष देत नाही. आईच्या शास्त्राप्रमाणे उलट तो बरोबरच वागला: मर्तिकाहून आला आणि न्हाला. पण आईच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. न्हायचे कुणी? सुतक कुणाला? परक्या गावची अंत्ययात्रा रस्त्यावरून गेली तर आपण हात जोडतो, चपला काढतो आणि पुढे जातो. न्हावे लागते ते आपल्या माणसाचे असेल तर. मावसभाऊ रवांडात परका होता. तिथे त्याने चपला काढल्या, पुरे झाले. प्रश्न त्याचा नव्हे, माझा होता. मी ज्या महालात राहतो तिथल्या मेलेल्यांचे सुतक कुणी धरले आहे?

त्याचे परतीचे विमान मोप्याहून होते. मी म्हटले, दोन तास आधी निघू, वाटेत पत्रादेवी करू. शाळेत असताना मला एकदा तिथे नेले होते. गणवेश, झेंडा आणि शेवटी मिळालेला लाडू एवढेच आठवत होते. त्यानंतर मुंबई-पुण्याला जाता-येता त्या जागेवरून शेकडो वेळा गेलो असेन. पत्रादेवी म्हणजे नाका. बांद्याकडून येणारी गाडी इथे गोव्यात शिरते. ट्रकांची रांग, अबकारी खात्याचे लोक, परत जाणाऱ्या गाड्यांच्या डिकीत बाटल्या किती याची चौकशी. गोव्यात शिरणाऱ्याला इथे पहिली आठवण होते ती दारू स्वस्त झाल्याची. स्मारक तिथेच आहे. ट्रकवाला लघवीला थांबतो, चहा पितो, पुढे जातो. आम्ही गेलो तेव्हा आवारात आम्ही दोघेच होतो, आणि एक कुत्रा.

१५ ऑगस्ट १९५५. भारत स्वतंत्र होऊन आठ वर्षे झालेली. गोव्यात सालाझारची राजवट. अठरा जून १९४६ला मडगावात लोहियांनी सुरू केलेली सविनय कायदेभंगाची चळवळ तुरुंग, मारहाण आणि पोर्तुगालपर्यंतची हद्दपारी सोसत चाललेली. त्या वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सीमा ओलांडली, पुढे मधू लिमये आले. त्याआधी, फेब्रुवारीत, अस्नोड्याचा बाळा राया मापारी पोलिसांच्या छळात गेला होता. ऑगस्टच्या पंधराव्या दिवशी हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे त्या एका दिवशी पडली. इथे पत्रादेवीला पडलेल्यांत एक होता कर्नैलसिंग बेनिपाल. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्याचा, पेशाने शिक्षक, ऐन तरुण. त्याच सत्याग्रहात मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय यांनी झेंडा हातात असताना गोळ्या झेलल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत गेल्या.

मावसभाऊ म्हणाला, "किगालीला अडीच लाख पुरलेत रे. हे वीस-बावीस." मी म्हटले, खरे आहे. तुलना होऊ शकत नाही आणि करूही नये. रवांडात जे झाले तो वंशसंहार; इथे झाला तो एका वसाहतवादी सरकारचा निःशस्त्र माणसांवर गोळीबार. दोन्हींना एकच शब्द लावला तर दोन्ही खोटे ठरतात. पण आकड्याचा हिशेब करत असताना तो थांबला आणि त्याने एक साधी गोष्ट बोलून दाखवली. "ह्यातले आमचे कोण?"

तोच प्रश्न इतकी वर्षे कुणी विचारला नव्हता. पत्रादेवीला पडलेला कर्नैलसिंग गोव्याचा नव्हता. सहोद्राबाई गोव्याच्या नव्हत्या. त्या दिवशी सीमेवर आलेले बहुसंख्य लोक गोव्याचे नव्हते. त्यांना कोंकणी येत नव्हती, त्यांची इथे जमीन नव्हती, कुलदैवत नव्हते, मतदान नव्हते. पेडण्यात आज आम्ही ज्यांना एका शब्दात भायले म्हणतो, ते सगळे तसे होते. पत्रादेवीचे स्मारक हे भायल्यांचे स्मारक आहे.

हे एकदा ध्यानात आले की पेडणे महाल वेगळा दिसू लागतो. हरमलच्या उत्तरेला केरी, केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला, १७४६मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. १८३५मध्ये बेर्नार्दु पेरीस द सिल्वा या गोमंतकीय प्रशासकाला लष्कराने पदच्युत केले तेव्हा त्याच्या बाजूची माणसे याच किल्ल्यात कापली गेली. १९५४मध्ये आल्फ्रेद आफोंसोच्या तुकडीने त्यावर तिरंगा लावला. १५ ऑगस्ट १९५५ला इथेच हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर गेले. पुढे त्या किल्ल्यात हॉटेल झाले. तटावर टेबले, समोर केरीचा किनारा, सूर्यास्त. हॉटेल झाले याचे मला वाईट वाटत नाही. निदान भिंती उभ्या राहिल्या. पण तिथे जेवायला आलेला माणूस सूर्यास्ताचे वर्णन करतो आणि आम्ही पेडणेकर मेनूकार्डाचे. त्या दोन नावांचे वर्णन कुणी करायचे?

आता हरमलच्या रस्त्यावर या. शॅकमध्ये ताट आणणारा मुलगा झारखंडचा. खोल्या झाडणारी बाई उत्तर कर्नाटकातली. स्वयंपाकी नेपाळी. बांधकामावर बिहारी, ओडिया. पावसाळा संपला की हे सगळे येतात, मे संपला की जातात, काही राहतात. यांच्यासाठी आमच्याकडे शब्द आहेत. घाटी. भायलो. बोलताना त्यांत फारशी चीड नसते. आपण जसे 'पाऊस' म्हणतो तसे म्हणतो. पण ग्रामसभेत जमिनीचा विषय निघाला की तोच शब्द दात दाखवतो.

आणि जमिनीचा विषय खोटा नाही. मोप्याच्या विमानतळासाठी पठार गेले, वारखंड, चांदेल, उगवे, कासारवर्णे या गावांतल्या कितीतरी कुटुंबांच्या काजूच्या बागा आणि पिढ्यांची कसणूक गेली. ११ डिसेंबर २०२२ला उद्घाटन झाले आणि पेडण्यातला प्रत्येक डोंगर अचानक 'प्लॉट' झाला. किनाऱ्याच्या गावांत तर एकेका भाटाला दिल्ली, हैदराबाद, मुंबईहून गिऱ्हाईक येते. आमच्या तळ्याच्या वरचा डोंगर कुणाच्या नावावर होणार, ही काळजी मलाही आहे. ती मी सोडणार नाही. पण ह्या काळजीचे बोट कुणाकडे जाते ते पाहण्यासारखे आहे. जमीन विकत घेणारा हरमलच्या रस्त्यावर दिसत नाही. ती विकणारा आमचाच, तो दिसला तरी आम्ही त्याला चहा पाजतो. नकाशावर रंग बदलणारा तर कार्यालयात बसलेला. दिसतो तो झारखंडचा पोर. मग शब्द त्याला लागतो.

रवांडाकडे मी इथे वळतो. वंशसंहाराच्या कारणांचा विचार करणारे जे जे सांगतात, त्यात जमीन असतेच. तेव्हाच्या सत्तर लाखांच्या देशात शेतीशिवाय काही नव्हते, वाटणी होत होत जमिनीचे तुकडे रुमालाएवढे झालेले. १९८९मध्ये जागतिक बाजारात कॉफीचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातचा पैसा गेला. हा त्रास खरा होता. त्याला जबाबदार असलेले मात्र दूर होते, काही लंडनच्या बाजारात, काही किगालीच्या सरकारात. जवळ होता तो तुत्सी शेजारी. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापले होते. साठ वर्षांनी त्याच छापावरून रस्त्यावरच्या नाक्यांवर माणसे बाजूला काढली गेली. आणि कोयता हातात येण्याच्या कितीतरी आधी शब्द आला होता. आरटीएलएम नावाचे रेडिओ केंद्र दिवसरात्र गाणी लावायचे, विनोद करायचे आणि मध्येमध्ये तुत्सींना 'इन्येन्झी' म्हणायचे. झुरळे. झुरळाशी भांडत नाहीत, त्याला चिरडतात.

आपण झुरळ म्हणत नाही. पण ऑक्टोबर २०१३च्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना 'कॅन्सर' म्हटले होते. नंतर दिलगिरी आली. दिलगिरी येण्याआधीच्या दोन दिवसांत माझ्या ओळखीतल्या किती जणांनी तो शब्द चवीने पुन्हा म्हटला, ते मला आठवते. मी स्वतः गप्प बसलो होतो, तेही आठवते. हरमल रवांडा होईल असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे भीती विकणे. मी एवढेच म्हणतो की रवांडाकडून शिकण्यासारखी गोष्ट कवट्यांच्या कपाटात सापडत नाही. ती ग्रामसभेत, चहाच्या टपरीवर, घराच्या ओसरीवर सापडते. गाऱ्हाणे खरे असताना ते कुणाच्या डोक्यावर ठेवायचे, ती निवड म्हणजे ती गोष्ट.

इथे कुणी म्हणेल, मग रवांडासारखी स्मारके बांधा, आठवण सक्तीची करा. त्यांनी काय काय केले ते थक्क करणारे आहे. नव्या ओळखपत्रावरून जमात काढून टाकली. दर वर्षी ७ एप्रिलपासून १०० दिवस शोकाचे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'उमुगांडा': गावाने एकत्र येऊन रस्ता, गटार, शाळा दुरुस्त करायची. लाखो आरोपी आणि मोडकी न्यायालये, तेव्हा त्यांनी गावकीची जुनी न्यायपद्धत उचलली: 'गचाचा', म्हणजे गवत. गवतावर बसून गावानेच साक्षी ऐकायच्या. २००२ ते २०१२ या काळात सुमारे बारा हजार गचाचांनी जवळपास वीस लाख प्रकरणे निकालात काढली. आपल्या कोमुनिदादी आठवा आणि त्यांना एवढे ओझे उचलता आले असते का ते सांगा. २०२३मध्ये न्यामाटा, मुरांबी, गिसोझी आणि बिसेसेरो ही स्मारके युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

पण आठवण सरकारची झाली की तिलाही नाका लागतो. किझितो मिहिगो हा त्यांचा लाडका गायक, स्वतः वंशसंहारातून वाचलेला. २०१४मध्ये त्याने एका गाण्यात सगळ्याच मृतांची, म्हणजे सूडाच्या हल्ल्यांत मेलेल्यांचीही, आठवण काढली. सरकारला ते चालले नाही. पुढे वेगळ्या आरोपांखाली त्याला तुरुंगात टाकले गेले, २०१८मध्ये सुटका झाली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये तो पोलीस कोठडीत मेलेला सापडला. आत्महत्या, असे पोलीस म्हणाले. स्वतंत्र चौकशीची मागणी झाली. ज्या देशाने आठवण्याची एवढी शिस्त लावली, तिथेच चुकीची माणसे आठवणे धोक्याचे ठरले.

आपल्याकडे धोका उलटा. आठवणीला कुणी अडवत नाही, कारण ती कुणाच्या वाटेत येत नाही. १८ जून, १५ ऑगस्ट, १९ डिसेंबर: भाषण, पुष्पचक्र, बँड, लाडू. उरलेले दिवस कुत्रा. अशा रिकाम्या जागी काय उगवते याचा पुरावा डिचोलीत आहे. २००७मध्ये कुणीतरी विकिपीडियावर 'बिचोलीम संघर्ष' असा एक मोठा इंग्रजी लेख लिहिला: १६४०-४१मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात डिचोलीत झालेले युद्ध. सेना, तह, संदर्भग्रंथ, सगळे. त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. २०१२च्या अखेरीस उघड झाले की युद्ध झालेच नव्हते, ग्रंथही नव्हते. तो लेख पुसला गेला. जगाला फसवले गेले याचे मला नवल वाटत नाही. नवल याचे की पाच वर्षांत डिचोलीतून एकही आवाज उठला नाही की आमच्या गावात असे काही घडलेले नाही. खरे काय घडले हे आम्ही सांगत नसलो, तर खोटे काय घडले ते दुसरा सांगेल, आणि आम्हाला फरक कळणार नाही.

खरे सांगायचे तर त्यात गैरसोयीचेही सांगावे लागेल. पोर्तुगीजांच्या पोलिसांत गोमंतकीय होते, काही मनाने, काही पोटासाठी. आणि पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या फौजेत मोझांबिकमधून आणलेले आफ्रिकी शिपाई होते. आमच्या आज्या त्यांना 'खाप्री' म्हणत, मुलांना भीती घालायला. खाप्री हा शब्द आला कुठून? काफीर म्हणवल्या गेलेल्या, पोर्तुगीज जहाजांतून गुलाम म्हणून इथे विकल्या गेलेल्या माणसांवरून. म्हणजे ज्याची आम्हाला भीती घातली, तोही त्याच साहेबाने घरातून उपटून आणलेला. १६ जून १९६०ला उत्तर मोझांबिकमधल्या मुएडा गावात अर्ज घेऊन आलेल्या गर्दीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवी आणि मुएडा यांच्यामध्ये पाच वर्षे आणि एक महासागर आहे, सरकार एकच. या दोन गावांची ओळख आम्ही कधी करून दिली नाही. आम्ही आफ्रिकी माणसाची आठवण ठेवली ती फक्त खाप्री म्हणून, आणि मग २०१३मध्ये कॅन्सर म्हणून.

मग काय करायचे? नवीन पुतळा नको. पेडण्यात आठवण ठेवण्याची एक पद्धत आधीपासून आहे आणि ती सिमेंटची नाही. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा घालणारा मोठ्याने बोलतो. मूळपुरुषाला हाक, राखणदाराला हाक, मग गावातल्यांसाठी मागणे, पोटासाठी दूर गेलेल्यांसाठी मागणे, चुकलेमाकलेले पदरात घे. आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांचे 'व्हय म्हाराजा'. त्यात ऐकणारा प्रेक्षक नसतो. होकार देऊन तो बांधला जातो. पत्रादेवीला वर्षातून एक दिवस पुष्पचक्रांऐवजी तसे व्हावे. नावे, त्यांची गावे, त्यांच्या भाषा, मोठ्याने. कर्नैलसिंग, पंजाब. वाचणाऱ्यांत त्या दिवशी हरमलच्या शॅकमधला झारखंडचा पोरही असावा, कारण सीमेपलीकडून आलेल्या माणसाबद्दल बोलायचा जेवढा हक्क माझा, तेवढाच त्याचा. आणि तेवढे झाले की ज्याला जमिनीचे भांडण करायचे आहे त्याने जरूर करावे. ज्याच्याशी करायचे त्याच्याशी करावे. नाव घेऊन, सातबारा नव्हे, आपले एक-चौदाचे उतारे पुढे ठेवून करावे.

किवू तळ्याबद्दल मावसभावाने सांगितलेली एक गोष्ट राहिली. त्या तळ्याच्या तळाशी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात विरघळलेले आहेत. कधी उसळले तर काठावरच्या लाखो लोकांचे काय होईल सांगता येत नाही. करोंगीजवळ एक तराफा आहे. तो खोलचे पाणी हळूहळू वर ओढतो, मिथेन वेगळा काढतो आणि त्यावर वीज तयार होते. सुमारे २६ मेगावॅट. पोहणाऱ्यांना त्याचा काही त्रास नाही. मला यात दाखला शोधायचा नाही. पण तळे बंद न करता, लोकांना हाकलून न देता, खालचे थोडे थोडे वर काढत राहणे हे नुसते तज्ज्ञांचे काम नाही, एवढे मनात आलेच.

मोप्याला त्याला सोडले. जिन्याशी उभा राहून तो म्हणाला, "पत्रादेवी झाली, पण आता मी न्हाऊ कुठे?" आणि हसत आत गेला. आईचे वाक्य त्याच्याही लक्षात होते तर.

मी हरमलला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पलीकडून किनाऱ्यावरचे ढोल ऐकू येत होते. सूर्यास्ताला ते रोज वाजतात. घरात न शिरता मी मागच्या दारी बावीकडे गेलो, दोन कळशा ओढल्या आणि अंगावर ओतल्या. आवाज ऐकून आई दारात आली. अशा वेळी बावीवर न्हाणारा माणूस कुठून आला असणार हे तिला सांगावे लागत नाही.

"कोण गेलो रे?"

काय सांगावे कळेना. सत्तर वर्षांपूर्वी गेलेला, पंजाबातला, आपला कुणी नसलेला.

"घरचोच," म्हटले.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पंचा आणून दिला. "बेगीन आंग पूस," म्हणाली, "थंडी बादता."